थांबलीस की तुला काय ऐकू यायचं?

कांते, परवा तुला शेतात आप्पांच्या शेजारी मातीत बसवून आलो. घरी येऊन हातपाय धुताना ध्यानात आलं, तुला एक विचारायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणजे विचारलं होतं मी, कितीदा तरी. पण तू दरवेळी हसून विषय बदललास, आणि या वेळी असा बदललास की आता भांडायलासुद्धा समोर कुणी नाही.

टीव्हीवर तुझी गाणी चालू आहेत. मधेमधे माणसं येऊन बोलतात. वालूरसारख्या गावातली पोरगी एवढी मोठी पार्श्वगायिका कशी झाली, याचं सगळ्यांना नवल. एकजण म्हणाला, त्यांच्या गाण्यात त्या मधेच थांबायच्या, त्यात एक तत्त्वज्ञान होतं. मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि टीव्हीलाच म्हणाले, "तत्त्वज्ञान कशाचं बाबा, ती आमची भजनातली खोड हाय!" दुकानात एक बाई पातेलं बघत होती, ती बिचारी दचकली. तुझ्यापायी माझं गिऱ्हाईक आजवर किती वेळा दचकलंय, त्याला गणती नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला एकदा पहिल्यापासून आठवून बघायचंय. कुठंतरी तुझं उत्तर सांडलेलं सापडेल म्हणून.

आपण गाणं शिकलो ते मयताच्या घरी. हे तू मुलाखतीत कधी सांगितलं नाहीस. 'घरातच भजनाचं वातावरण होतं' असं गोड करून सांगायचीस. वातावरण कसलं! आपल्या लिंगायतांत माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती, गळ्यात हार, आणि मातीला नेईपर्यंत त्याच्यासमोर भजन थांबू देत नाहीत. भजनी मंडळ तुझ्या वडलांचं. आप्पा पुढं, मागं टाळकरी, आणि बाई गेली असेल तर आपण दोघी. साऱ्या गावात कुणी गेल्यावर खूश होणाऱ्या आपण दोघीच असू. तू सकाळी सकाळी आमच्या दारात येऊन कुजबुजायचीस, "सुले, चल. जंगमाची म्हातारी गेली. शाळा बुडती आज." मी तोंड धुवायच्या आधी तयार.

आणि आप्पांचा तो नियम. आपण विचारलं होतं त्यांना, की तुम्ही ओळ पुरी का म्हणत नाही, शेवट दरवेळी दुसऱ्यांवर का टाकता? ते टाळ पुसत होते. म्हणाले, "पोरींनो, रडणाऱ्या माणसाला गाणं सुरू करता येत न्हाई. पण समोरच्यानं अर्धं सोडलं, की उरलेलं त्याच्या तोंडून आपसूक येतंय. आपण कशाला गायलाव? घरच्यांच्या तोंडून यावं म्हणून. आपणच पुरं म्हणलं तर त्यांनी काय करायचं, नुसतं बघायचं?"

तू विचारलंस, "आन घरच्यांनी उचललंच न्हाई तर?"

"तर मागं सुली हाय की."

झालं. तेव्हापासून तू पुढं आणि मी मागं. आप्पांनी स्वतः जोडलेलं एक भजन होतं. 'मातीच्या ह्या घरात दिवा' एवढं म्हणून तू थांबायचीस. टाळ चालू. मग त्या घरातली सून नाहीतर लेक, डोळ्याला पदर लावलेला, तोंड वाकडं झालेलं, म्हणायची, 'कुणी लाविला'. नाही म्हणाली तर मी म्हणायची. मी इतक्या भर्रकन म्हणायची की आप्पा चिडवायचे, सुलीचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, जरा घरच्यांना दम तरी काढू दे. पण मला तो रिकामा तुकडा सहनच व्हायचा नाही.

तुझा आवाज चांगला होता, माझा नव्हता. हे मी कधी मनाला लावून घेतलं नाही. दोन पातेली शेजारी ठेवून वाजवली की कोणतं जड आहे ते मला न उचलता कळतं, तसंच ते. मला फक्त एवढंच वाटायचं, की तुझी ओळ पुरी होते ती माझ्यामुळं.

परभणीच्या कुठल्याशा कार्यक्रमात मुंबईच्या एका संगीतकारानं तुला ऐकलं आणि म्हणाला, ये. तुझ्या घरी रणकंदन. तुझी आई, आपल्या अव्वा, चुलीपुढून उठेनात. "सिनेमात जायली पोरगी! गावात तोंड कसं दाखवायचं?" आप्पा शांतपणे म्हणाले, "अगं, तिचं तोंड कुठं दिसायलंय? नुसता आवाज जायलाय. तोंड दुसरीचं." अव्वांना ते पटलं की त्या थकल्या, कोण जाणे. पण तू सेलूच्या स्टेशनावर गाडीत बसलीस तेव्हा त्यांनी तुला दशम्या दिल्या, चटणी दिली, आणि एवढंच म्हणाल्या, "उपाशी गाऊ नको."

मग सुरू झालं ते तुझं पुसलेल्या आवाजाचं. आमच्या दुकानाशेजारी तेव्हा एसटीडी बूथ होता, तू रविवारी फोन करायचीस. तू सांगितलंस की मोठ्या गायिकेला वेळ नसतो, शूटिंग तर थांबत नाही. म्हणून आधी कुणा साध्या मुलीकडून गाणं गाऊन घेतात. त्याला डमी म्हणतात. हिरॉईन त्यावर ओठ हलवते. मग मोठी गायिका सवडीनं येते, तुझं ऐकते, तसंच गाते, आणि तुझं पुसून टाकतात.

मला त्या गोष्टीनं वेडच लावलं. मी विचारलं, "पुसलेला आवाज कुठं जातो गं?"

तू म्हणालीस, "तुझ्या दुकानातल्या भांड्यात लोक जेवतेत. घासल्यावर खरकटं कुठं जातंय?"

आणि हसलीस. मला हसू आलं नाही. तू किती गाणी अशी गायलीस? पिक्चर लागले की मी सेलूला जाऊन बघायची. पडद्यावरच्या बाईच्या ओठांकडं टक लावून बघायची, की हे हलतायत ते तुझ्या आवाजावर. ऐकू येतंय दुसरीचं, पण श्वास तुझ्याच जागी घेतीय. माझ्या शेजारी बसलेल्यांना ते दिसत नव्हतं. मला दिसायचं आणि माझा जीव चरफडायचा.

मग ती चूक झाली. मला वाटतं, जगात ती चूक फक्त आपल्या मंडळातलं माणूस करू शकतं.

आप्पा गेल्यावर तू दिवसकार्य करून परत गेलीस, आणि गेल्या गेल्या तुला एका गाण्याच्या डमीला बोलावलं. सासरी निघालेल्या मुलीचं गाणं. तू गायला लागलीस, आणि ओळीच्या शेवटाला आलीस आणि थांबलीस. वाजवणारे वाजवत राहिले. संगीतकारानं काचेआडून हात हलवला, पुढं काय? तू त्याला म्हणालीस, "पुढचं मागच्यांनी म्हणायचं." तो म्हणाला, "मागं कोण आहे?" तू वळून बघितलंस. मागं भिंत.

सगळे हसले म्हणे. तू शरमलीस, परत गायलीस, आणि दुसऱ्या कडव्यात परत थांबलीस. बिचाऱ्या माणसाला घाई होती, तो म्हणाला राहू दे, पुसायचंच आहे.

पण पुसलं नाही. मोठी गायिका आली, तिनं ओळी पुऱ्या गायल्या, सुरेख गायल्या, आणि ऐकताना कुणालाच गाणं आवडेना. का आवडेना ते सांगता येईना. शेवटी त्यानं तुझं लावलं. तुझं राहिलं.

मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं ते सेलूहून येणाऱ्या एसटीत. ड्रायव्हरनं लावलं होतं. मी खिडकीशी, मांडीवर पितळी तांब्यांचं गाठोडं. आवाज ओळखला आणि अंगावर सर्रकन काटा आला. तू ओळ म्हटलीस, आणि थांबलीस. आणि मी उचलली! भर एसटीत, मोठ्यानं! शब्द ठाऊक नव्हते, जे सुचलं ते म्हटलं. कंडक्टर मागं वळून म्हणाला, "मावशी, तब्येत बरी हाय ना?" मी म्हटलं, "मैत्रीण गायली माझी." तो म्हणाला, "असंल की, पण तिला गाऊ द्या." साऱ्या गाडीनं हसून घेतलं. मी पण हसले आणि वालूर येईपर्यंत रडले.

त्यानंतर तू थांबली नाहीस, म्हणजे चढतच गेलीस. ज्याला त्याला तुझं ते थांबणं पायजे झालं. मराठी, मग हिंदी, मग तेलुगूसुद्धा. इतर गायिका थांबून बघायच्या, पण त्यांचं थांबणं विसरल्यासारखं वाटायचं. आणि तू एका मुलाखतीत म्हणालीस, ती माझी शैली आहे.

तिथं आपलं वाजलं. मी फोन करून म्हटलं, "शैली म्हणं! माझी जागा हाय ती. माझा घास तू साऱ्या दुनियेला वाढायलीस आन नाव तुझं?" तू म्हणालीस, "मंग ये की मुंबईला. उचल. मी काय न्हाई म्हणायली?" मी म्हटलं, "दुकान कोण बघंल?" तू म्हणालीस, "मंग बोलू नको." हे भांडण आपण इतकी वर्षं पुरवून पुरवून खाल्लं. कधी तू चिडायचीस, कधी मी. खरं सांगू, मला नाव नको होतं. मला फक्त कळायला हवं होतं, की तू थांबतेस ते माझ्यासाठी, की आता ती नुसती सवय आहे. तुझ्या त्या चढण्यात माझं काही होतं का? एवढंच. माणसाला एवढं वाटतं गं.

शेवटी मी आले मुंबईला. नवऱ्याला दुकानात बसवलं आणि आले. तू मला रेकॉर्डिंगला नेलंस, काचेच्या अलीकडं खुर्चीवर बसवलंस आणि स्वतः पलीकडं गेलीस. कानांना ते मोठे हेडफोन, समोर माइक, आणि माणूस एकही नाही. मला वाटलं होतं केवढा थाट असेल. तू तर कोंडल्यासारखी दिसायलीस. समोर काच, त्यात आम्ही बसलेले, आमचे चेहरे गुळगुळीत, कुणी वाहवा म्हणेना, मान हलवेना. मी मनात म्हटलं, हिला हे जमतं यात नवल काय. ही लहानपणापासून न हलणाऱ्या तोंडापुढंच गात आलीय.

तू थांबलीस, आणि माझं तोंड उघडलं. उचलली मी. तुला काचेतून ऐकू येणार नाही हे ठाऊक असून उचलली. रेकॉर्डिंग करणारा पोरगा खो खो हसला. पण तू बघत होतीस. तू माझ्या ओठांकडं बघत होतीस, कांते. माझ्या ओठांवरून तुझी नजर हलली नाही. आणि मग तू पुढची ओळ घेतलीस, आणि ती अशी घेतलीस की तो हसणारा पोरगा गप झाला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "थांबतीस तवा तुला काय ऐकू येतंय गं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजी? माझा आवाज येतोय का? खरं सांग, मी कुणाला सांगत न्हाई."

तू माझ्याकडं बघितलंस. तोंड उघडलंस सुद्धा. मग म्हणालीस, "चल, चहा थंड व्हायला."

ते तू काय बोलणार होतीस, हे मी त्या दिवसापासून शोधत बसले. परतीच्या गाडीत शोधलं. दुकानात शोधलं. तुझं नवं गाणं आलं की त्या थांबण्याला कान लावून बसायची, आत काही पुटपुटतेस का, श्वास घेतेस का. तू आजारी पडलीस तेव्हा फोनवर मी परत विचारलं. तुझा आवाज बसला होता. म्हणालीस, "वालूरला आल्यावर सांगते."

आलीस.

सकाळी गाडी आली. तुमच्या अंगणात तुला बसवलं. विभूती लावली, हार घातले. चेहरा तुझाच होता, जरा वैतागलेला, कुणी चुकीचा सूर लावल्यावर व्हायचा तसा. गाव लोटलं होतं. अव्वा तुझ्या डाव्या हाताशी बसल्या होत्या, भिंतीला टेकून. तू गेल्याचं कळल्यापासून त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं आणि तोंडातून शब्द. साऱ्याजणी मला म्हणायच्या, सुलोचनाबाई, म्हातारीला रडवा, न्हाईतर जाईल. मी काय करणार? अव्वा जन्मात भजनाला बसल्या नव्हत्या. गाणं तुम्हा बापलेकीचं, म्हणायच्या, माझं आपलं चुलीचं.

तुझ्या भाच्यानं, बसूनं, दोन मोठे स्पीकर आणून लावले. पोराची माया होती, म्हणून केलं. तुझं ते सासरी निघालेल्या मुलीचं गाणं सुरू झालं. तू थांबलीस, आणि अंगणभर नुसता ठेका वाजत राहिला. मला ते ऐकवेना. मी उठून गेले आणि म्हटलं, "बंद कर."

"मावशे, आत्याचंच गाणं हाय. सारं जग ऐकायलंय."

"ऐकू दे जगाला. हितं तिच्या म्होरं तिनंच गायचं का? तेवढं पण तिनंच करायचं?"

बसूनं बंद केलं. मंडळातल्या बायांनी टाळ हातात घेतले आणि माझ्याकडं बघायला लागल्या. मला कळेना काय बघायल्यात. मग कळलं. आप्पांनंतर पुढं बसायची ती म्हातारीही मागच्या साली गेली होती, आता पुढं बसायला कोणी नव्हतं.

मी जन्मात ओळ सुरू केली नव्हती गं. आवाज कुठं लावायचा तेसुद्धा ठाऊक नव्हतं. तुझ्यासमोर बसले. आप्पांचंच भजन घेतलं, कारण दुसरं सुचेना. खाली लावला, जाडाभरडा आवाज, तू असतीस तर नाक मुरडलं असतंस. ओळीच्या मध्यापर्यंत, 'दिवा'पर्यंत आले आणि नियमाप्रमाणं थांबले.

आणि कुणी उचललीच नाही.

टाळ वाजत होते. बाया रडत होत्या, काहींना वाटलं मीच पुढचं म्हणणार, कारण उचलणारी नेहमी मीच. माझ्या मागं सुली नव्हती. सुली पुढं बसली होती. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. क्षणभर मला खरंच वाटलं, तू उचलशील. आणि मला अशी भीती वाटली कांते, अशी भीती, की विहिरीत बादली सोडावी आणि पाण्याला टेकल्याचा आवाजच येऊ नये.

हेच ना? तू हेच सांगणार होतीस ना? काही ऐकू येत नाही. माझा आवाज नाही, कुणाचाच नाही. वालूरमध्ये मी तुला ही भीती कधी लागूच दिली नाही, भर्रकन उचलायची, त्यामुळं आपल्या दोघींनाही ती ठाऊक नव्हती. मुंबईत ती तुला पहिल्यांदा भेटली. तू वळून बघितलंस आणि मागं भिंत. तरी तू थांबणं सोडलं नाहीस. दर गाण्यात थांबलीस, आत काहीच येत नसताना जागा ठेवलीस, आणि मग एकटीनं पुढची ओळ घेतलीस. लोक म्हणतात तुझा गळा मोठा. मी सांगते, छाती मोठी. आणि मी येडी विचारत बसले, माझं त्यात काही होतं का म्हणून.

तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूनं आवाज आला. फाटका, बेसूर, ठेक्याच्या पार मागं राहिलेला. ते दोन शब्द कोण म्हणतंय ते मला आधी कळलंच नाही, कारण त्या तोंडून मी गाणं कधी ऐकलं नव्हतं. अव्वा होत्या. तुझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, आणि त्या रडायला लागल्या होत्या, लहान लेकरासारख्या, हुंदके देऊन देऊन. सगळ्या बाया त्यांच्याकडं सरकल्या.

मी डोळे पुसले नाहीत. पुढची ओळ घेतली, आणि तीही अव्वांसाठी अर्धी सोडली.